कुलाब्याचें अफगाण चर्च

गेल्या माघांत आमच्या पुतण्याच्या मुलाची मुंज दादर येथें झाली. त्या निमित्तानें घाटंजी सोडून पंधरा दिवस मुंबईस राहण्याचा योग आम्हांस आला. आमचें गांव यवतमाळ जिल्ह्यांत वाघाडी नदीच्या कांठीं आहे. कापसाचा बाजार, तालुक्याच्या कचेऱ्या आणि कांहीं जुनीं देवळें एवढाच त्याचा पसारा. आगगाडी गांवास नाहीं, एस. टी. नें यवतमाळ, तेथून धामणगांव आणि धामणगांवाहून गाडी, असा प्रवास करून मुंबई गांठावी लागते. राणीचा बाग, राजाबाई टॉवर, वस्तुसंग्रहालय हीं स्थळें बहुतेक वाचकांनीं पाहिलेलीं असतील, निदान त्यांविषयीं वाचलें तरी असेल. म्हणून त्यांचें वर्णन आम्ही करीत नाहीं. ज्या एका इमारतीनें उतारवयांत आम्हांस आमचीच चूक दाखवून दिली, तिच्याविषयींच येथें लिहावयाचें आहे. ती इमारत म्हणजे कुलाब्याचें अफगाण चर्च.

ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनामंदिराचें वर्णन घेऊन आपण काय करावयाचें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, पाऊस देवळावर पडतो तसाच चर्चवरही पडतो, आणि दगड, चुना व लांकूड यांना पंथभेद ठाऊक नाहीं. लेख शेवटपर्यंत वाचल्यास हें पटेल अशी आशा आहे.

घरून निघालों तेव्हां आमच्या कोटाच्या खिशांत एक कागद होता. आमच्या आळींत रामाचें जुनें देऊळ आहे. त्याचा सभामंडप सागवानी खांबांचा व कवेलूंच्या छपराचा असून तो आमच्या आजोबांच्या वेळीं बांधलेला. याच मंडपांत एका खांबाशीं टेकून आम्हीं लहानपणीं रामनवमीचीं कीर्तनें ऐकलीं आणि तेथेंच पुढें आमच्या वडिलांजवळ रघुवंशाचे पहिले सर्ग म्हटले. अलीकडे मंडप गळूं लागला. एक तुळई कुजली, उत्तरेकडील भिंतीस फुगार आला. तेव्हां जुना मंडप उतरवून त्या जागीं काँक्रीटचा नवा मंडप घालावा, असा ठराव पांच पंचांपैकीं चौघांनीं सह्या करून आमच्या हातीं दिला होता. पांचवी सही आमची. मुंबईहून परत येतांना सही करून आणतों, असें सांगून आम्ही निघालों. खरें म्हणाल तर आमची हरकत अशी कांहींच नव्हती. हात मात्र उचलत नव्हता.

मुंजीची गडबड ओसरल्यावर तो कागद आम्हीं पुतण्यास दाखविला. तो स्थापत्याचा पदवीधर असून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचें काम करतो. त्यानें कागद दोनदां वाचला आणि विचारलें, "काका, तुळई कुजली म्हणतां, ती नेमकी कोठें कुजली? मधें कीं टोंकाला?" आम्हांस सांगतां येईना. तेव्हां तो म्हणाला, "मग सहीची घाई करूं नका. उद्यां तुम्हांला एक इमारत दाखवतों. ती पाहा, आणि मग काय तें ठरवा."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही कुलाब्यास गेलों. जेथें आज मोटारींची रीघ लागलेली असते, तेथें पूर्वीं भरतीचें पाणी खेळत असे. कुलाबा हें मुंबईच्या सात बेटांपैकीं एक. १८३८ सालीं बांध घालून त्यास मुंबईस जोडलें. बेटाच्या दक्षिण टोंकाकडे इंग्रजांची छावणी होती, आणि आजही तो भाग सैन्याचा व आरमाराचाच आहे. त्या वाटेनें जातांना दाट झाडींतून वर निघालेला एक निमुळता दगडी मनोरा दिसूं लागला. त्याची उंची १९८ फूट आहे. चर्चसाठीं जागा देतांना सरकारनें अट घातली होती कीं, इमारत गॉथिक पद्धतीची असावी आणि तिचें शिखर बंदरांत शिरणाऱ्या जहाजांस खूण म्हणून दिसेल इतकें उंच असावें. त्या अटीमुळें देवाचें घर आणि नावाड्यांची निशाणी हीं दोन्ही कामें या एकाच मनोऱ्याच्या वाट्यास आलीं.

या मंदिराचें खरें नांव सुवार्तिक योहानाचें चर्च. 'अफगाण' हें नांव त्याच्या जन्मकथेवरून लोकांनीं दिलें. १८३९ सालीं कंपनी सरकारनें दोस्त महंमदास काढून शहा शुजास काबूलच्या गादीवर बसविलें. दोन वर्षांतच काबूलांत उठाव झाला, आणि ६ जानेवारी १८४२ रोजीं सुमारें साडेचार हजार सैनिक व बारा हजार बाजारबुणगे भर हिमांतून जलालाबादेच्या वाटेस लागले. त्या सैनिकांत बहुतेक हिंदी शिपाई होते. १३ जानेवारीस डॉक्टर ब्रायडन हा जखमी इंग्रज थकलेल्या घोड्यावरून जलालाबादच्या कोटापाशीं पोंचला. मागाहून कांहीं शिपाई व कैदी परत आले. बाकीचे खिंडींतच थंडीनें, उपासानें व गोळीनें मेले. मुंबई इलाख्याचें सैन्यही या युद्धांत होतें. १८४० सालीं बलुचिस्तानांतील काहूनचा किल्ला मुंबईच्या पांचव्या पलटणीनें कित्येक महिने लढविला. तीच पलटण पुढें मराठा फौजेंत 'काळी पांचवी' म्हणून नांवारूपास आली. म्हणजे ज्या युद्धाचें हें स्मारक, त्यांत आपलींही माणसें होतीं.

अफगाणिस्तान व सिंध येथील मोहिमांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ चर्च उभारावें असें ठरलें. गिल्बर्ट स्कॉट या विलायतेंतील नामांकित वास्तुकाराचा आराखडा आला, पण खर्चाचा आंकडा पाहून तो बाजूस ठेवावा लागला, आणि मुंबईंतील इंजिनीयर हेन्री कॉनिबिअर याचा आराखडा पसंत झाला. ४ डिसेंबर १८४७ रोजीं कामास आरंभ झाला. ७ जानेवारी १८५८ रोजीं बिशप हार्डिंग यांनीं चर्च विधिपूर्वक देवास अर्पण केलें. परंतु मनोरा तेव्हां अपुराच होता. तो १० जून १८६५ रोजीं पुरा झाला. साडेसतरा वर्षांचें हें काम! मध्यंतरीं १८५७ चें वादळ येऊन गेलें, कंपनीचें राज्य जाऊन राणीचें आलें, आणि गवंड्याची थापी मात्र चाललीच होती. एकंदर खर्च पांच लक्ष पासष्ट हजार रुपये झाला. त्यांत कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांनीं साडेसात हजार दिले.

या कॉनिबिअरविषयीं पुतण्यानें एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनांत बसली आहे. मुंबईस पिण्याचें पाणी पुरविणाऱ्या विहार तलावाची योजना याच गृहस्थाची. त्या तलावाचें काम १८५६ सालीं सुरू होऊन १८६० सालीं पुरें झालें. "पाहा काका," तो म्हणाला, "एका हातानें त्यानें मुंबईला पाणी आणून दिलें, आणि दुसऱ्या हातानें जी इमारत बांधली तिला जन्मभर पाण्याशींच झगडावें लागलें."

पादत्राणें काढण्याचा प्रघात तेथें नाहीं, तरी संवयीनें आम्हीं तीं दाराशीं काढलीं व आंत गेलों. बाहेरच्या उन्हांतून आलेल्या डोळ्यांस प्रथम कांहीं दिसलें नाहीं. मग हळूहळू पन्नास फुटांवरचें छत, दोहों बाजूंच्या टोंकदार कमानी आणि समोर वेदीमागील रंगीत कांचांची खिडकी उमटूं लागली. पूर्वेच्या व पश्चिमेच्या खिडक्या विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या आहेत. फरशी विलायतेहून आणलेली. तिची व आंतील पुष्कळशा सजावटीची योजना विल्यम बटरफील्ड यानें केलेली. सकाळचें ऊन कांचेंतून गाळून फरशीवर पडलें होतें. आमच्या पांढऱ्या धोतरावर निळा व तांबडा रंग चढलेला पाहून पुतण्या हंसला.

भिंतीवरील स्मारकांत अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. साध्या शिपायांचीं नांवें नाहींत; ते इतके होते कीं त्यांची नोंद करणें शक्य झालें नाहीं, अशा अर्थाचा मजकूर तेथें आहे. तो वाचून आम्ही कांहीं वेळ तेथेंच उभे राहिलों. चाळीस वर्षें शाळेंत हजेरीपट भरण्यांत गेलीं. हजेरीपटांत न लिहिलेला मुलगा म्हणजे काय, हें आमच्यासारख्यास निराळें सांगावें लागत नाहीं. सांताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या कुठल्या घरीं त्या शिपायांची वाट किती वर्षें पाहिली गेली असेल, तें कोणत्याच दगडावर लिहिलेलें नाहीं.

आतां इमारतीच्या दुखण्यांकडे वळूं. गॉथिक पद्धतीचें मर्म तिच्या कमानींत आहे. आमच्या जिल्ह्यांतील लोहाऱ्याचें हेमाडपंती शिवालय ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस आठवेल कीं, तेथें खांबावर आडवा दगड व त्यावर दुसरा दगड अशी रचना आहे. सर्व भार सरळ खालीं उतरतो. कमानीचें तसें नाहीं. ती भार खालीं तर नेतेच, पण शिवाय दोन्ही बाजूंस बाहेर रेटीत असते. कमान कधीं निजत नाहीं, असें आपल्याकडील लोक म्हणत, हें फर्गसन या इंग्रज ग्रंथकारानें मुद्दाम नमूद केलें आहे. हा रेटा सांभाळण्यासाठीं भिंतींस बाहेरून दगडी धिरे दिलेले असतात. जोंवर धिरे, भिंत व कमान हीं तिन्ही जागच्या जागीं आहेत तोंवर इमारत अढळ. पण एकाचा सांधा सुटला कीं बाकीच्यांवरचा ताण वाढतो. त्यांत मनोरा म्हणजे एका कोंपऱ्यांत दगडाचा डोंगर. जड मनोरा आणि हलकें सभागृह यांचा पायावरील भार सारखा नसल्यामुळें अशा इमारतींत दोहोंच्या सांध्यावर नजर ठेवावीच लागते. येथील मनोऱ्यांत तर आठ मोठ्या घंटा आहेत. त्या १९०४ सालीं विलायतेंतील टेलर यांच्या ओतशाळेंतून आल्या. घंटा झुलते तेव्हां तिचा हिसकाही मनोऱ्यासच सोसावा लागतो.

परंतु कमान व मनोरा हीं दुखणीं मोठीं दिसत असलीं तरी खरा शत्रु निराळाच आहे, आणि तो म्हणजे पाणी. कुलाब्यास वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आमच्या यवतमाळच्या जवळजवळ दुप्पट. आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, समुद्रावरच्या वाऱ्यानें आडवा मारलेला. उतरत्या छपरांवरून तें सर्व पाणी पन्हळींत येतें. एका पन्हळींत पालापाचोळा सांचला किंवा कावळ्यानें काड्या टाकल्या, तर पाणी तुंबून भिंतीच्या माथ्यावरून आंत उतरतें. पांखरांच्या विष्ठेंतून पिंपळाचें बीं दगडांच्या सांध्यांत पडतें. प्रथम दोन पानें दिसतात. कोणी म्हणतें, असूं दे. दहा वर्षांनीं त्याचें मूळ दोन दगडांच्या मधें पाचर मारल्याप्रमाणें शिरलेलें असतें. दगडांस एकमेकांशीं जखडण्यासाठीं त्या काळीं लोखंडी पट्ट्या घालीत. तें लोखंड गंजलें म्हणजे फुगून मूळच्याहून कितीतरी अधिक जागा अडवितें व चांगला दगड आंतून फोडतें. रंगीत कांचा शिशाच्या पट्ट्यांनीं जोडलेल्या असतात. शतक दीड शतकांत शिसें थकतें, खिडकी पोट काढते. आणि खारा वारा तर बारा महिने आहेच. काळा दगड त्यास दाद देत नाहीं. पण त्याच्या जोडीला वापरलेला मऊ चुनखडीचा दगड हळूहळू भुगा होऊन झडतो.

"ह्यांतलें एकही दुखणें एका दिवसांत येत नाहीं," पुतण्या म्हणाला, "आणि सुरुवातीला एक शिडी आणि एक माणूस एवढ्यानें बरें होणार नाहीं असेंही एक नाहीं. इमारत म्हातारपणानें मरत नाहीं, काका. एक तर दुर्लक्षानें मरते, नाहीं तर चुकीच्या औषधानें."

चुकीचें औषध कोणतें, असें आम्हीं विचारलें. तेव्हां तो आम्हांस बाहेर भिंतीपाशीं घेऊन गेला आणि दगडांमधील दरजांवर बोट ठेवून त्यानें जो पाठ दिला, तो आम्हांस आतां जन्मभर पुरेल. जुन्या भिंतींचा जीव चुन्यांत असतो. चुना हवेंतील कर्बाम्ल वायु घेऊन सावकाश कठीण होतो, पण पुरता बंद कधीं होत नाहीं. भिंतींत शिरलेला ओलावा त्यांतून पुन्हा बाहेर पडूं शकतो. पावसाळ्यांत भिंत भिजते आणि हिवाळ्यांत वाळते, तिचें हेंच आरोग्य. सिमेंट कठीण, चपळ व दिसावयास नीटस. परंतु जुन्या भिंतीवर तें लिंपलें कीं आंतलें पाणी आंतच कोंडतें. मग ओलाव्याबरोबर क्षार वर येतात, दगडाची किंवा विटेची कड झडते, आणि भिंतींत गेलेलें लांकूड कुजतें. म्हणून जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धारांत जाणते लोक आधीं मागच्या दुरुस्त्यांचें सिमेंट काढतात व चुन्याचें काम पुन्हा चुन्यानेंच करतात. या चर्चच्या जीर्णोद्धाराचें कामही अलीकडच्या वर्षांत हातीं घेण्यांत आलें.

हें ऐकतांना आमच्या मनाची जी अवस्था झाली ती लिहिणें सोपें नाहीं, परंतु लिहिल्यावांचून हा लेख खरा होणार नाहीं. पंधरा वर्षांपूर्वीं आमच्या राममंदिराच्या मंडपाचा गिलावा सुटूं लागला होता. गांवांत एक वृद्ध गवंडी होता. त्याचें म्हणणें, चुना महिनाभर भिजवूं, घाणींत मळूं, त्यांत गूळ व बेलफळाचें पाणी घालूं आणि पूर्वींसारखाच गिलावा करूं. पंचांत शिकलेले म्हणून आमच्या शब्दास मान. आम्हीं त्या म्हाताऱ्यास चारचौघांत हंसून सांगितलें कीं, बाबा, आतां सिमेंटचा काळ आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपाचा अध्याय आहे, त्यांत बेल, कवठ व झाडांचे डीक यांचा लेप सांगितला आहे, हें आम्हीं स्वतः वाचलेलें होतें; पण तें ज्ञान पोथींत राहिलें, आणि तेंच ज्ञान हातांत असलेल्या माणसास आम्हीं अडाणी ठरविलें. भिंती आंतून बाहेरून सिमेंटनें मढविल्या. दोन वर्षें मंडप नव्यासारखा दिसला. गवंडी पुढें वारला. कवेलू दर वर्षीं वैशाखांत फेरण्याचा परिपाठही त्याच सुमारास मोडला, कारण भिंती पक्क्या झाल्या तेव्हां आतां काय होणार, असें सर्वांस वाटलें.

त्याच सायंकाळीं आम्हीं घाटंजीस फोन करून धाकट्या भावास देवळांत पाठविलें व तुळई नीट पाहावयास सांगितली. अर्ध्या तासानें त्याचें उत्तर आलें. "दादा, मधें सळईनं ठोकून पाहिली, ठणठणीत आहे. भिंतींत गेलेलं टोंक तेवढं हातानं कुस्करतं." पुतण्याच्या प्रश्नाचा अर्थ आतां आम्हांस कळला. मंडप म्हातारा झाला म्हणून कुजला नव्हता. आम्हीं त्याचा श्वास कोंडला होता.

घाटंजीस परतल्यावर आम्हीं पंचांपुढें कागद ठेवला, सहीशिवाय. पंधरा वर्षांपूर्वींची सारी हकीकत जशी होती तशी सांगितली आणि एक पावसाळ्याची मुदत मागितली. दोघे रागावले. एकानें विचारलें, "गुरुजी, तेव्हांही तुम्हीच सांगितलं होतं, आतां उलटं सांगतां, तें खरं कशावरून?" प्रश्न रास्त होता. "कशावरूनही नाहीं," आम्हीं म्हटलें, "म्हणून तर पावसाळाभर पाहूं म्हणतों. पाडावयाचें तें केव्हांही पाडतां येईल. पाडलेलें मात्र परत आणतां येणार नाहीं." अखेर मुदत मिळाली, खर्च मात्र आम्हीं सोसावा अशी अट घालून.

त्या गवंड्याचा नातू सिमेंटचेंच काम करतो. त्यास आजोबांची रीत पुरती येत नव्हती, पण थोडी पाहिलेली होती. उरलेलें पुतण्यानें चार दिवस येऊन दाखविलें. उत्तरेच्या भिंतीचें सिमेंट काढलें तेव्हां आंतली माती चैत्रांतही ओली निघाली. तुळईचें कुजलेलें टोंक कापून नवें सागवान जोडलें. वैशाखांत कवेलू फेरले, पन्हळ बसविली. पावसाळा गेला. मंडप एके ठिकाणीं अजून गळतो, हें कबूल केलें पाहिजे. पण उत्तरेची भिंत आश्विनांत हात लावला तेव्हां कोरडी लागली.

ठरावाचा कागद आमच्या कपाटांत आहे. रामनवमीनंतर पंच पुन्हा बसणार आहेत, आणि त्यांनीं पाडावयाचेंच ठरविलें तर तो त्यांचा अधिकार आहे. तोंवर दर अमावास्येस शिडी लावून पन्हळ पाहण्याचें काम आम्हीं आमच्याकडे घेतलें आहे. आम्हांस आतां वर चढवत नाहीं. गवंड्याचा नातू चढतो, आम्ही खालीं शिडी धरून उभे राहतों आणि काय सांपडलें तें एका वहींत तारीख घालून लिहून ठेवतों. वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या आजोबांचें नांव लिहिलें आहे.